तिथं जागा ठेव

विमे, तू गेलीस हे मला कळलं त्या दुपारी मी तुझ्यासाठी चहा टाकायला सांगितला होता.

छापखान्यात मशीन धडधडत होतं आणि फोनमध्ये नेहमीची खरखर. देवळाली कॅम्पातून तुझ्या शाळेचा शिपाई बोलत होता. म्हणाला, "विमलबाई गेल्या हो." मी म्हटलं, गेल्या का, बरं झालं, मग येतीलच इतक्यात. सकाळी तू माझ्याशी भांडून गेली होतीस, जाताना 'उद्या येते' म्हणाली होतीस. पण तुझा उद्या मला पाठ आहे. राग निवळला की त्याच संध्याकाळी दारात हजर. मी फोनवर हात ठेवून आत ओरडले की आधण ठेवा, विमल येतेय. तो बिचारा पुन्हा म्हणाला, "बाई, गेल्या." आणि मी त्याला विचारत होते की बसने गेल्या की पॅसेंजरने. शेवटी त्याने फोन कुणा शिक्षिकेच्या हातात दिला. त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मधल्या सुट्टीत डोकं दुखतंय म्हणालीस, स्टाफरूमच्या टेबलावर डोकं टेकलंस, ते पुन्हा उचललं नाहीस. मेंदूतली शीर फुटली असं डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर मी मशीन बंद करायला सांगितलं म्हणे. मला आठवत नाही. चहाचं कुणालाच सुचलं नाही, पातेलं जळून काळं झालं. इतकी वर्षं मी लोकांच्या मजकुरातल्या चुका काढतेय, दुःखद निधनाच्या किती चिठ्ठ्या माझ्या हाताखालून गेल्या असतील, आणि 'गेल्या' या दोन अक्षरांचा अर्थ मला लागला नाही. अजून लागलेला नाही. सकाळी छापखान्याचं कुलूप काढताना वाटतं, तू आत बसलेली असशील, पाय स्टुलावर, हातात माझंच प्रूफ, आणि म्हणशील, कुसे, दुकानदारांनी एवढा उशीर करायचा नसतो.

आपलं वय तरी काय गं? गेल्याच महिन्यात माझ्या केसात एक पांढरा सापडला म्हणून तू सगळ्या छापखान्याला तो दाखवत फिरली होतीस.

होस्टेलवर आपली गाठ पडली ती एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास. तू नांदगावची, मी पिंपळगाव बसवंतची. तुझी ट्रंक खोलीत ओढायला मी हात लावला तर ती हलेना. आईने लाडू-चिवडा भरभरून दिला असणार म्हणून मी मोठ्या आशेने झाकण उघडलं. वर दोन साड्या, खाली नुसते दगड. काळे, तांबूस, भोकाभोकांचे, आणि एकाच्या पोटात पांढरेशुभ्र स्फटिक. मी मनात म्हटलं, ही मुलगी लहानपणी डोक्यावर पडलेली दिसते. तू मात्र तो स्फटिकांचा दगड माझ्या हातात देऊन समजावायला लागलीस, की लाव्हा थिजताना ह्यात वायूचा बुडबुडा अडकला, मग त्या पोकळीत पाणी झिरपत राहिलं आणि हे तयार झालं. मला त्या दिवशी एवढंच कळलं की लाडू नाहीत. तो दगड पुढे माझ्या टेबलावर आला. प्रुफं उडू नयेत म्हणून आजही तोच ठेवलेला असतो, आणि या आठवड्यात मी तो उगाचच हातात घेऊन बसते.

लग्न होऊन मी नाशकात आले. नवऱ्याला शाईच्या वासाने शिंका येतात, म्हणून सासऱ्यांचा छापखाना सुनेच्या गळ्यात पडला. तू कॅम्पातल्या शाळेत भूगोल शिकवायला लागलीस, नाशिकरोडच्या कॉलनीत घर केलंस आणि आईला नांदगावहून घेऊन आलीस. शनिवारी शाळा लवकर सुटायची की तू छापखान्यात. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या जुळाऱ्याचं नाव दगडूकाका, हे ऐकून तुला कोण आनंद झाला होता. म्हणालीस, जिथे दगडू काम करतो तिथेच माझं पुस्तक छापायचं. तेव्हा पुस्तकाचा पत्ताही नव्हता.

ते पुस्तक आमच्या स्वयंपाकघरात सुरू झालं असं मी म्हणते आणि तू म्हणायचीस परीक्षेच्या पेपरात. हाही वाद राहिलाच.

माझं म्हणणं असं. एकदा तू घरी आलीस तेव्हा मी पिठलं हाटत होते आणि त्याचा एक थेंब उडून माझ्या मनगटावर बसला. मी पाण्याखाली हात धरून उभी, आणि तू फुंकर घालायची सोडून म्हणालीस, थांब, हेच मला मुलांना सांगता येत नव्हतं. मग पळी घेऊन तिथेच तुझा तास सुरू झाला. लाव्हा पातळ असला की कढीसारखा उतू जातो आणि लांबवर पसरतो. आपला हा मुलूख तसा आहे, भेगांमधून वर आलेल्या पातळ लाव्ह्याचा, थरावर थर पसरलेला. लाव्हा घट्ट असला की मात्र पिठल्यासारखा रटरटतो, आत वाफ कोंडते आणि फटकन बाहेर उडते. आधी राख आणि दगड, त्यांच्यावर लाव्हा, पुन्हा राख, पुन्हा लाव्हा, असे पदर चढत चढत उंच शंकू उभा राहतो. मी म्हटलं, म्हणजे चिरोट्यासारखा. ती उपमा तुला इतकी आवडली की पुस्तकात जशीच्या तशी घातलीस. पिठलं खाली लागलं ते वेगळंच.

तुझं म्हणणं पेपराचं. ज्वालामुखीचे प्रकार सांगा, असा प्रश्न होता. पाठ्यपुस्तकात तीन प्रकार: जागृत, सुप्त आणि मृत. तुझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं, 'जागृत ज्वालामुखी म्हणजे नवसाला पावणारा ज्वालामुखी.' तू तो पेपर घेऊन धावत छापखान्यात आलीस आणि हसून हसून आपल्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पोरीचं काय चुकलं होतं? 'जागृत' हा शब्द तिने जन्मभर देवळाच्या पाटीवरच वाचलेला. जागृत देवस्थान. तिने शितावरून भाताची परीक्षा केली. तू तिला अर्धा मार्क दिलास, कारण विचार केलाय म्हणालीस. हसणं ओसरल्यावर मात्र तू पेपराची घडी घातलीस. आपण आगीविषयी शिकवतो आणि पोरं नारळ फोडायला निघतात, असं काहीतरी पुटपुटलीस, आणि मग म्हणालीस की ह्यांच्यासाठी एकाच ज्वालामुखीची गोष्ट लिहायची, साध्या मराठीत, जन्मापासून आजपर्यंत.

तू निवडलास अंदमानातल्या बॅरन बेटाचा. आपल्या देशातला म्हणून. त्याचं तुझ्याइतकं कौतुक त्याला जन्म देणाऱ्या समुद्रालाही नसेल. खोल समुद्राच्या तळावर तो पदरापदराने वाढत गेला, आणि पाण्यावर आपल्याला दिसतं ते नुसतं त्याचं टोक. तळापासून मोजला तर आपल्या कळसूबाईहून उंच, हे तू प्रत्येकाला सांगायचीस, दुधवाल्यालाही. पुढे कधीतरी त्याचा जुना मोठा माथा आत कोसळला आणि उरली ती गोल भिंत, पश्चिमेला फुटलेली. त्या भिंतीच्या आत नवा छोटा शंकू उभा राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस जाणाऱ्या गलबतांवरच्या लोकांनी त्यातून धूर आणि लाल दगड उडताना पाहिले. एकोणिसाव्या शतकातही सुरुवातीला त्याची खदखद चालू होती. मग तो गप्प झाला. नंतर गेलेल्यांना गंधकाचे डाग दिसले, वाफा दिसल्या, किनाऱ्याचं पाणी हाताला गरम लागलं. आज दीडशेहून जास्त वर्षं झाली, काही नाही.

तुला तो बघायचा होता. मद्रासहून बोटीने पोर्ट ब्लेअर आणि तिथून जमेल तसं. बरोबर तुला मी हवी होते. मी म्हटलं होतं, बाई गं, मला रामकुंडाजवळ नुसतं पाण्याकडे बघून गरगरतं. तू म्हणालीस, मग डोळे मिटून ये, वास तरी घेशील. मी हो म्हटलं नव्हतं. मी येणार होते, विमे. तुला तेवढा त्रास देऊन मग हो म्हणणार होते.

तुझ्या वर्गात मी एकदाच आले. शेजारी लष्कराच्या तोफांचा सराव चालू होता, खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि मी टुणकन उडाले. एकाही पोराने वहीतून मान वर काढली नाही. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, ज्वालामुखीच्या पायथ्याशी राहणारी माणसं अशीच होतात, सवय झाली की ऐकू येईनासं होतं. गेल्या वर्षाच्या अखेरीस कोलंबियातल्या एका बर्फाच्या ज्वालामुखीची बातमी आली. उष्णतेने बर्फ वितळलं, राखेचा चिखल झाला आणि पायथ्याकडचं गाव झोपेत गाडलं गेलं. त्या पर्वताची धुसफुस आधी कितीतरी महिने चालू होती. पेपरातला फोटो टेबलावर पसरून तू माझ्या समोर बसलीस, आणि मी आणलेला वडा तसाच गार झाला. तुला इतकं हादरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "झोपलाय म्हटलं की माणसं निजतात, कुसे," एवढंच म्हणालीस.

आणि तिथून आपला वाद पेटला. पुस्तकाचं शेवटचं वाक्य होतं, 'बॅरनचा ज्वालामुखी आज जागृत आहे.' मी त्या शब्दाखाली रेघ ओढली. दीडशे वर्षं जो हललेला नाही त्याला सुप्त म्हणावं, असं माझं साधं म्हणणं. शिवाय 'जागृत' वाचलं की तुझीच पोरं नवस बोलणार, ज्यासाठी पुस्तक लिहिलंस तेच शेवटच्या ओळीत पालथं पडणार. तू म्हणालीस, दीडशे वर्षं म्हणजे डोंगराची एक जांभई. मी म्हटलं, बॅरनवर राहतं कोण, म्हणे चार शेळ्या आहेत, त्यांना काय सावध करायचंय? त्यावर तू म्हणालीस, शेळ्यांना मराठी येत नाही, पोरांना येतं.

तुझ्या घरी एका रविवारी हाच विषय निघाला तेव्हा तू हनुवटीने भिंतीकडे खूण केलीस. तिथे बुद्धाची तसबीर. म्हणालीस, डोळे मिटलेत, झोपलाय का तो? बुद्ध म्हणजेच जागा झालेला, जागृत. मी म्हटलं, तू प्रत्येक गोष्टीत बुद्ध आणतेस. तू म्हणालीस, तो आधीपासून असतो, मी फक्त दाखवते. आई आतून हसली. तोवरची भांडणं अशी होती. त्यांना भांडण म्हणायलाही नको.

पण त्या सकाळचं भांडण वेगळं झालं.

ते कळायला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आपण दोघी मुलांची सहल घेऊन पांडवलेण्यावर गेलो होतो. तू दगडावर हात ठेवून पोरांना लाव्ह्याचे थर दाखवत होतीस. शेजारी एक गृहस्थ आपल्या कुटुंबाला सांगत होते की पांडवांनी ही लेणी एका रात्रीत कोरली. तुला राहवलं नाही. तू सांगायला गेलीस की इथे बौद्ध भिक्खू राहत होते, भिंतीवर लेख आहेत, डोंगराचं जुनं नावही त्यात आहे. त्यांनी तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कोण?" तो प्रश्न कशाचा होता ते तुलाही कळलं, मलाही कळलं. तू म्हणालीस, "भूगोलाची शिक्षिका." पायऱ्या उतरताना आपण दोघींनी शेंगा खाल्ल्या आणि त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. आपल्यात तुमचं-आमचं कधी नव्हतंच. एका ताटात जेवलो, एकमेकींच्या साड्या नेसलो, माझ्या बाळंतपणात माझ्या उशाशी तू बसलीस. ते सगळं इतकं सहज होतं की त्याला जपावं लागतं हे मला ठाऊकच नव्हतं.

त्या सकाळी शाळेआधी वाकडी वाट करून तू छापखान्यात डोकावलीस. शेवटचा फर्मा, म्हणजे पुस्तकाची अखेरची पानं, मशीनला लागायचा होता. मी पुन्हा सुप्तवर आले. म्हटलं, जागृत हा देवळाचा शब्द आहे, लोकांच्या मनातून तो निघणार नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझा चेहरा उतरला आणि तू म्हणालीस, "तुमच्या देवळाने आधी घेतला म्हणून आम्ही शब्द सोडायचा का?"

तुमच्या. आम्ही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी प्रुफात मान घातली. तू पिशवी उचललीस, दारापर्यंत गेलीस, थांबलीस. बसची वेळ झाली होती. मशीन नुकतं सुरू झालं होतं, दगडूकाका दाराशेजारी खिळ्यांच्या पेटीपाशी उभे होते. वळून म्हणालीस, "तिथं जागा ठेव. उद्या येते." मी मान वर न करता हं म्हटलं.

हे आपलं शेवटचं. तू पायरी उतरताना कशी दिसत होतीस ते मला सांगता येत नाही, कारण मी पाहिलंच नाही.

तुझ्या घरी मी त्या दुपारी कशी पोचले कोण जाणे. कॉलनीतल्या बायका पांढऱ्या साड्यांत बसल्या होत्या. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "कुसुम, चहा घेतला का?" तिलाही काही कळलेलं नव्हतं. तुला नेलं तेव्हाही मला वाटत होतं की तू उठून बसशील आणि म्हणशील, बघ, झोपलेलं आणि मेलेलं तुला ओळखता येत नाही. मी तुझ्या पापण्यांकडे बघत होते. इतकी वेडी झाले होते मी.

तुझ्या स्मरणासाठीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची पत्रिका आमच्याकडेच छापायची होती. दगडूकाकांनी मजकूर जुळवून प्रूफ आणलं, तर तुझ्या नावाआधी 'कै.' लागलेला. त्यांची चूक नाही. सबंध आयुष्य मेलेल्या माणसाच्या नावाआधी त्यांचा हात त्याच खिळ्याकडे जातो. तो वापरून वापरून झिजलाय. पण तू आणि कैलास! वाचलं असतंस तर मला छापखान्यासकट विकलं असतंस. तुमच्यात 'कालकथित' लिहितात, हे मला आईने सांगितलं, आणि 'तुमच्यात' हा शब्द माझ्याही तोंडून तिच्यासमोर निघून गेला. तिने तो ऐकलासुद्धा नाही. मला मात्र त्या क्षणी कळलं की तू सकाळी तो शब्द कुठून आणलास. तो आपल्या दोघींच्याही आधीपासून तिथे पडलेला होता. तू तो फक्त उचललास, मीही उचलला. एवढं कळायला मला तुझ्या पत्रिकेचं प्रूफ वाचावं लागलं. कै. काढला, कालकथित घातलं. जुना खिळा काकांनी पेटीत परत टाकला.

मग आई म्हणाली की पुस्तक राहू नये. "तिचं एवढं करून ठेव पोरी. लय जीव होता त्यात तिचा." म्हणून मी छापखान्यात परत आले आणि शेवटच्या फर्म्याचं प्रूफ काढायला सांगितलं. त्या वाक्यात मला मोकळी जागा दिसायला हवी होती. कोरे खिळे घालून शब्दाएवढी फट सोडायची, असं मी धरून चालले होते. मनात ठरवलं होतं की 'जागृत'च घालायचं, तुझा शब्द, वाद संपला. काकांनी ओला कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर छापलेलं होतं, 'बॅरनचा ज्वालामुखी आज जागा आहे.'

मी त्यांच्यावर ओरडले. विमे, एवढ्या म्हाताऱ्या माणसावर मी ओरडले की जागा सोडायला सांगितली होती, शब्द घालायला कुणी सांगितला? ते घाबरले नाहीत, गोंधळले. म्हणाले, "बाईच दारातून म्हणाल्या ना, तिथं 'जागा' ठेव. मी 'जागा' ठेवला."

मी खुर्चीत बसले. हातात तुझा दगड.

तू काय म्हणालीस गं? जागा सोड, की जागा हा शब्द ठेव? मशीन चालू होतं, माझी मान खाली होती. मी तुझं वाक्य ऐकलं ते भांडलेल्या बाईच्या कानांनी: हिला माझं पटलेलं नाही, जागा कोरी ठेवायची, उद्या येऊन पुन्हा भांडणार. काकांनी ऐकलं ते जुळाऱ्याच्या कानांनी. त्यांनी ऐकलं ते खरं असेल, तर दारात थांबलीस त्या क्षणी तू वाद मिटवला होतास. देवळाचा जागृत नको, माझा सुप्त नको; साधा, घरातला शब्द घे, पोरांना कळेल असा. जागा. 'तुमच्या' म्हणाली होतीस ते उंबरठ्यावर पुसून गेली होतीस. आणि मी ऐकलं ते खरं असेल, तर तू रागातच गेलीस, तशीच टेबलावर डोकं टेकलंस, आणि माझ्यावरचा तो राग तसाच राहिला.

गेले काही दिवस मी हे एकच वाक्य घोळवतेय. तू 'मोकळी' म्हणाली नव्हतीस, हे मला नक्की आठवतं. पण घाईत कोण म्हणतं? तू नेहमी साधा शब्द शोधायचीस, हेही खरं. पण तू हट्टीही होतीस, एकदा धरलेलं सोडायची नाहीस, दगडांपासून सगळं. कधी वाटतं काका बरोबर, कधी मी. तुला विचारायला फोनकडे हात जातो. डोंगर निदान वाफ सोडतात, पाणी गरम करतात, जवळ गेलं तर काहीतरी सांगतात. तू काहीच सांगितलं नाहीस, आणि ह्याचा मला इतका राग येतो की तुझ्याशी बोलू नये असं वाटतं.

शेवटी मी ते प्रूफ घेऊन आईकडे गेले. तिला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे; तुझा पहिला शिक्षकी पगार तिच्या पाटी-पेन्सिलीवर गेला आणि तिने पाटीवर तांदूळ निवडले. मी तिच्याजवळ बसून सगळं वाचून दाखवलं. समुद्राचा तळ, चिरोट्याचे पदर, गलबतं, गरम पाणी. ती भिंतीला टेकून ऐकत होती, मध्येच हसली, बहुतेक कळसूबाईला. शेवटच्या ओळीशी मी अडले. मला तो शब्द मोठ्याने वाचवेना. तिने विचारलं, संपलं का? मी कसंबसं म्हटलं, "आई, शेवटच्या ओळीत जागा आहे."

"जागा हाय?" ती सावरून बसली. "मंग तिचं नाव लिव तिथं."

मी तिला समजावून सांगणार होते. ही ती जागा नव्हे, हा जागा म्हणजे न झोपलेला. ते राहूनच गेलं. तुझ्या एका वाक्याचे तीन अर्थ झाले, विमे, माझा, काकांचा आणि आईचा, आणि त्यातला आईचा काही तुझ्या मनात नव्हता एवढं मी सांगू शकते. पण तोच एक मला न रडता करता येण्यासारखा होता. खोटं का सांगू, रडूनच केला.

आज सकाळी मी स्वतः खिळे जुळवले. काका बाजूला उभे राहिले. प्रुफावर दुरुस्ती काही नाही, 'जागा' तसाच. तू मिटवलं होतंस असं मी धरून चालणार आहे. ते खरं नसेल तर तुझ्या उद्याला येऊन सांग. पहिल्या पानावर साल घातलं, एकोणीसशे शहाऐंशी. मग शेवटच्या ओळीखाली उजवीकडे तुझं नाव लावलं, नुसतं, आडनावाशिवाय. वि, म, ल. सोपी अक्षरं आहेत तुझी, पेटीत सापडायला वेळ लागत नाही.

दगडूकाकांनी चष्मा वर सरकवून पाहिलं. कै.वरून एकदा चुकलेले, म्हणून जपून विचारलं की नावाआधी काय लावायचं. मी म्हटलं, काही लावू नका काका, तेवढी जागा मोकळी ठेवा.